वावरातला कॅमेरा घरून दिसत नाही? आधी आयपी पत्ता कोणाकोणात वाटला गेलाय ते बघा

मृगाच्या तोंडावर मोठ्या बाबांच्या संत्र्याच्या बागेत मी कॅमेरा बसवला. मोर्शी तालुक्यातलं आमचं वावर गावापासून तीन किलोमीटर. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपायी मोठे बाबा रात्र-रात्र जागलीला जायचे. वय पासष्टीच्या पुढं, म्हणून ही धडपड. बागेतल्या खोलीत सिमकार्डावर चालणारा राउटर आणि त्याला जोडलेला कॅमेरा. वावरात उभं राहून मोबाईलवर पाहिलं की चित्र लख्ख, घरी आलो की काळा पडदा. मोठे बाबा विचारायचे, “वावरात तं दिसते, मंग घरून काहून दिसत नाही रे?”

दोन दिवस मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला कॅमेऱ्यापर्यंत वाट करून द्यायची सेटिंग, करत बसलो. राउटर दर वेळी ‘सक्सेस’ म्हणायचा, कॅमेरा काही दिसायचा नाही. ज्याच्याकडून सामान घेतलं तो सांगायचा की राउटर बदला. तिसऱ्या दिवशी राउटरचं स्टेटसचं पान उघडलं, तर ‘वॅन आयपी’पुढं, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूनं मिळालेल्या पत्त्यापुढं, १००.७२.१४.९ असा आकडा होता. पहिल्या दोन आकड्यांतच उत्तर होतं: राउटर चांगला होता, पण हा पत्ता आमच्या एकट्याचा नव्हता.

गावोगाव आता फायबर आलंय, घरात वायफाय आहे, वावरात सिमवरचा राउटर आहे, आणि या दोन्हींना जोडताना माणसं तिथंच अडकतात जिथं मी अडकलो होतो. नवं सामान घेण्याआधी अर्धा तास देऊन काय तपासायचं आणि त्यावरून पुढं काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितो. लेखात आकडे मराठीत आहेत, मोबाईल आणि राउटरमध्ये ते इंग्रजी आकड्यांतच दिसतील आणि इंग्रजीतच टाकायचे.

एक गट नंबर, पोटहिस्से अनेक

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, ३२ बिटांचा असतो. त्यामुळं जगात एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे साधारण ४२९ कोटी. १९८१ साली हे ठरलं तेव्हा एवढे पत्ते पुरून उरतील असं वाटणं साहजिक होतं. पण ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-प्रशांत भागाचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आला. २०१९ पासून या भागातल्या इंटरनेट देणाऱ्या नव्या कंपनीला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. तालुक्याला पाच हजार घरांत फायबर नेणाऱ्या लहान कंपनीनं ५१२ पत्त्यांत काय करायचं? वाटणीच करायची.

ही वाटणी सामाईक सातबाऱ्यासारखी असते. गट नंबर एक, आत पोटहिस्से अनेक. बाहेरच्या जगाला फक्त गट नंबर दिसतो. आत कोणाचा कुठला तुकडा, याची नोंद कंपनीच्या यंत्रात असते. पोटहिस्सा म्हणजे इथं पोर्ट. एका पत्त्यावर ६५,५३६ पोर्ट असतात. राखीव सोडून प्रत्येक ग्राहकाला हजार-हजार दिले तर एका पत्त्यावर साठेक घरं बसतात. या यंत्राला कॅरिअर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट म्हणतात.

आता अडचण कुठं येते ते बघा. आपण घरातून यूट्यूब उघडलं की यंत्र नोंद करतं: अमक्या घरानं तमक्याला हाक मारली, उत्तर आलं की याच घराला द्यायचं. म्हणून बाहेर जाणं सुरळीत चालतं. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, ‘मला संत्र्याच्या बागेतला कॅमेरा पाहिजे’ म्हणालं, तर यंत्राकडं तशी नोंदच नसते. ते डेटाचं पाकीट तिथंच टाकून दिलं जातं. मी माझ्या राउटरचं दार उघडून ठेवलं होतं, पण त्याआधीचं कंपनीचं फाटक बंद होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडं नव्हती.

कागदावर चित्र काढा

मोबाईल हातात घेण्याआधी एक कागद घ्या. घरात आणि वावरात कुठला डबा कुठल्या डब्याला जोडलाय ते काढा. भिंतीवर फायबरचा पांढरा डबा, त्याला ओएनटी म्हणतात. त्याच्यापुढं स्वतःचा राउटर आहे का? वरच्या माळ्यावर रेंज जावी म्हणून दुसरा लावलाय का? वावरात सिमवाला राउटर आहे, की कॅमेऱ्यातच सिम आहे? प्रत्येक डब्यासमोर जागा सोडा, तिथं पुढं पत्ते लिहायचे आहेत. मी ज्यांच्याकडं जोडणी दुरुस्त करायला जातो, त्यांच्याकडचा निम्मा घोळ या कागदावरच दिसतो. घरात तीन डबे असतात आणि तिन्ही स्वतःला मालक समजत असतात.

आतला पत्ता

मोबाईल घरच्या वायफायला जोडा. सेटिंग्जमध्ये वायफाय, जोडलेल्या नावावर बोट ठेवा, तपशील उघडा. तिथं आयपी ॲड्रेस आणि गेटवे असे दोन आकडे दिसतील. आयपी समजा १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१. गेटवे म्हणजे आपला राउटर.

हे आतले पत्ते आहेत. १९९६ साली पत्त्यांचे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. आपल्या घरात १९२.१६८.१.२३ आहे तसाच तो गडचिरोलीत कोणाच्या घरातही असेल, काही बिघडत नाही, कारण हे पत्ते घराबाहेर चालतच नाहीत. मोबाईलचा हॉटस्पॉटही असाच आतला पट्टा वाटतो. जुन्या अँड्रॉइडवर तो बहुधा १९२.१६८.४३ असतो, आयफोनवर १७२.२०.१०.

राउटरला बाहेरून काय मिळालंय

आता ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी गेटवेचा आकडा टाका. राउटरचं पान उघडेल, नाव-पासवर्ड मागेल. तो डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. आत स्टेटस किंवा इंटरनेट नावाचं पान शोधा आणि ‘वॅन आयपी’ किंवा ‘इंटरनेट आयपी’पुढचा आकडा कागदावर उतरवा.

मग त्याच वायफायवरून टेस्ट-आयपीव्ही६ डॉट कॉम हे संकेतस्थळ उघडा. बाहेरच्या जगाला आपण कुठल्या पत्त्यावरून आलेले दिसतो, ते तिथं आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. गुगलवर ‘व्हॉट इज माय आयपी’ टाकलं तरी पत्ता दिसू शकतो, पण तिथं कधी कधी लांबलचक आयपीव्ही६ पत्ता येतो आणि माणूस त्याची तुलना राउटरमधल्या आयपीव्ही४ शी करत बसतो. आयपीव्ही४ ची तुलना आयपीव्ही४ शीच करा. मोबाईलचा डेटा त्या वेळी बंद ठेवा.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तर पत्ता आपल्या एकट्याचा आहे. आजकाल हे क्वचितच होतं, पण होतं.

वॅन आयपी १००.६४ पासून १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर तो सीजीनॅट. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ नावाच्या दस्तऐवजानं हा पट्टा खास याच कामासाठी बाजूला काढला, त्यात ४१,९४,३०४ पत्ते आहेत. वेगळा पट्टा लागला याचं कारण साधं आहे: कंपनीनंही १९२.१६८ वापरला असता तर घरातल्या आणि कंपनीच्या पत्त्यांत टक्कर झाली असती. इथं एक सावधगिरी. १०० नं सुरू होणारा प्रत्येक पत्ता सीजीनॅटचा नसतो. १००.२० किंवा १००.२०० असेल तर तो नेहमीसारखा सार्वजनिक पत्ता. दुसरा आकडा ६४ ते १२७ आहे का, ते बघायचं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. वॅन आयपी १०, १७२.१६–३१ किंवा १९२.१६८ नं सुरू होतो. याचे दोन अर्थ निघतात. एक तर कंपनी खासगी पट्ट्यातूनच सीजीनॅट चालवते. किंवा मग आपल्याच घरात दोन राउटर एकामागं एक बसलेत आणि आतला राउटर बाहेरच्या राउटरला कंपनी समजतोय. कागदावरचं चित्र इथं कामाला येतं. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचं पान उघडा आणि त्याचा वॅन आयपी बघा. खरं उत्तर त्या डब्यात असतं.

घरातली दुहेरी वाटणी आधी काढून टाका

दोन राउटर एकामागं एक असतील तर ते आपल्या हातातलं आहे, आजच सुटतं. आतल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. त्यानं तो फक्त वायफाय पसरवतो, पत्ते वाटत नाही. तसा पर्याय नसेल तर तीन कामं करा. आधी आतल्या राउटरला बाहेरच्या राउटरच्याच पट्ट्यातला, पण वाटपात नसलेला पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. शेवटी केबल त्याच्या निळ्या वॅन भोकातून काढून पिवळ्या लॅन भोकात घाला. हाच क्रम पाळा. डीएचसीपी आधी बंद केलं तर मोबाईलला पत्ता मिळणार नाही आणि राउटरच्या पानावर परत जाताना घाम फुटेल.

मोबाईलवरचं चित्र वेगळं असतं

आता वायफाय बंद करून फक्त मोबाईल डेटा चालू ठेवा. सेटिंग्ज, अबाउट फोन, काही फोनांत त्याच्या आत स्टेटस, आणि तिथं आयपी ॲड्रेस. बहुतेक ठिकाणी २ नं सुरू होणारा, मधे-मधे दोन टिंबं असलेला लांब पत्ता दिसेल. तो आयपीव्ही६. हा १२८ बिटांचा असतो, त्यामुळं पत्ते संपायची भीती नाही, आणि तो वापरण्यात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. याला मोठं कारण आपलं मोबाईलचं जाळं. त्या यादीत एफई८० नं सुरू होणारा पत्ताही असतो, तो फक्त जवळच्या यंत्राशी बोलण्यापुरता असतो, त्याच्याकडं लक्ष देऊ नका.

कधी त्याच जागी १९२.०.०.४ असा आकडा दिसतो. मला पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं फोन बिघडला. तसं नाही. काही मोबाईल जाळ्यांत फोनला आयपीव्ही४ पत्ता दिलेलाच नसतो, फक्त आयपीव्ही६. पण जुनी ॲप आणि संकेतस्थळं आयपीव्ही४ च मागतात. तेव्हा फोन स्वतःच्या आत एक नावापुरता आयपीव्ही४ पत्ता उभा करतो, पाकिटाचं भाषांतर आयपीव्ही६ मध्ये करतो आणि पुढं कंपनीचं यंत्र ते परत आयपीव्ही४ मध्ये आणतं. या पद्धतीला ४६४ एक्सलॅट म्हणतात, २०१३ साली ती लिहून ठरली आणि अँड्रॉइडमध्ये ४.३ आवृत्तीपासून आली. म्हणजे आयपीव्ही४ च्या बाबतीत मोबाईलवर आपण वाटेकरीच असतो. सिमवरच्या राउटरलाही हेच लागू.

पण आयपीव्ही६ मध्ये उलटं आहे, आणि हे जवळून पाहण्यासारखं आहे. एका फोनला कंपनी एक पत्ता नाही, अख्खा पट्टा देते. पत्त्याचे आठ गट असतात. पहिले चार गट कंपनीनं दिलेले, उरलेल्या चारांत हवे तेवढे पत्ते आपले. आता हॉटस्पॉट चालू करा आणि दुसरा फोन त्याला जोडा. दोन्ही फोनांवरचे आयपीव्ही६ पत्ते शेजारी-शेजारी धरून वाचा. पहिले चार गट अक्षर न् अक्षर सारखे, पुढचे चार वेगळे. फोननं आपल्या वाट्याच्या पट्ट्यातूनच शेजाऱ्याला जागा दिली. इथं नॅट, म्हणजे पत्त्याची वाटणी नाही, नोंदवही नाही, प्रत्येकाला स्वतःचा खरा पत्ता. २०१४ साली आरएफसी ७२७८ मध्ये ही रीत लिहिली गेली, एवढ्याचसाठी की मोबाईलला एकच पट्टा मिळतो आणि तो घरातल्या जाळ्यापर्यंत कसा पोचवायचा हा प्रश्न होता. दुसऱ्या फोनवर आयपीव्ही६ पत्ता आलाच नाही तर तुमचा फोन ही वाटणी करत नाही, एवढाच अर्थ.

म्हणजे आयपीव्ही६ नं कॅमेरा घरून दिसेल का? पत्ता तर खरा आहे. पण मोबाईल कंपन्या बाहेरून आपणहून येणारी पाकिटं बहुधा अडवतात, आणि ते आपल्या सुरक्षेसाठी बरंच आहे. फायबरवर राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरची पाकिटं अडवणाऱ्या सोयीत) त्या एका कॅमेऱ्यापुरती वाट उघडता येते. ती वाट उघडली तरी बघणाऱ्या फोनलाही आयपीव्ही६ मिळालेलं पाहिजे, आणि लाइट जाऊन आली की पट्टा बदलू शकतो. बरेच स्वस्त कॅमेरे तर आयपीव्ही६ बोलतच नाहीत. मी आज कॅमेऱ्यासाठी यावर विसंबत नाही.

मग करायचं काय

सगळ्यात सोपी वाट कॅमेऱ्याचंच ॲप. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून चालणारे कॅमेरे बाहेरून हाक यायची वाट बघत नाहीत. कॅमेरा स्वतः बाहेर जाऊन त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलून ठेवतो, आपला फोनही तिथंच जातो, सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. बाहेर जाणं सीजीनॅटला चालतं, म्हणून हे सिमवरही चालतं. नवा कॅमेरा घेत असाल तर दुकानदाराला एवढंच विचारा: ॲपमधून सिमच्या नेटवर चालतो का, की पोर्ट फॉरवर्डिंग लागतं? पोर्ट लागत असेल तर घेऊ नका.

इथं डेटाचा हिशेब सांगतो, कारण रिचार्ज आपल्याला करायचा असतो. कॅमेऱ्याचं चित्र एक एमबीपीएसनं सतत चालू ठेवलं तर दिवसाला १०.८ जीबी जातात. रोज दीड जीबीचा प्लॅन तीन तास वीस मिनिटांतच संपतो. म्हणून कॅमेरा मेमरी कार्डावर साठवू द्या, हालचाल झाली तरच सूचना येऊ द्या, आणि बघताना ॲपमध्ये कमी दर्जाचं चित्र निवडा. रोही ओळखायला तेवढं पुरतं. बाकी मोटरचा मोबाईल स्टार्टर या सगळ्या भानगडीत येत नाही. कॉल किंवा एसएमएसवर चालणाऱ्या स्टार्टरला आयपी पत्ता लागतच नाही.

दुसरी वाट खासगी बोगद्याची, म्हणजे व्हीपीएनची. घरात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आहे, वावरात दोन-तीन कॅमेरे आहेत, सगळं एका जाळ्यात हवंय, तर ही वाट घ्या. टेलस्केल नावाचं ॲप घरगुती वापराला फुकट मिळतं आणि दोन्ही टोकं सीजीनॅटमागं असली तरी चालतं. फोनवर टाका. कॅमेऱ्यावर ते टाकता येत नाही, म्हणून वावरातल्या जाळ्यात कायम चालू राहणारं एक यंत्र लागतं: जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक. त्यावर टेलस्केल टाकून वावराचा पट्टा त्याच्यामार्फत जाहीर करायचा आणि खात्याच्या पानावर जाऊन त्याला मंजुरी द्यायची. ही मंजुरी द्यायची राहिली की सगळं बरोबर दिसतं पण कॅमेरा उघडत नाही.

टेलस्केल प्रत्येक यंत्राला १०० नं सुरू होणारा पत्ता देतं, तोही याच १००.६४ ते १००.१२७ पट्ट्यातला. त्यामुळं फोनवर असा पत्ता दिसला म्हणून लगेच सीजीनॅट म्हणू नका. तो कुठल्या जोडणीवर आहे ते बघा. राउटरच्या वॅनवर असेल तरच तो कंपनीनं दिलेला.

टेलस्केलऐवजी वायरगार्ड नावाचं व्हीपीएन स्वतः चालवणार असाल तर निदान एका टोकाला खरा सार्वजनिक पत्ता लागतो. सीजीनॅटच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’पुढं २५ टाका. दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जात राहतं आणि कंपनीच्या यंत्रातली नोंद पुसली जात नाही. नाहीतर रात्री शांतता झाली की नोंद जाते आणि सकाळी बोगदा मेलेला असतो.

तिसरी वाट स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता, विकत घेण्याची. सिमवर साध्या ग्राहकाला तो मिळत नाही म्हटलं तरी चालेल. फायबरवर मिळू शकतो. आपल्या केबलवाल्या भाऊला असं विचारा: वॅनवर पब्लिक आयपीव्ही४ मिळेल का, तो कायमचा की बदलणारा, महिन्याला वेगळे किती, आणि आयपीव्ही६ चालू आहे का? ‘आयपी देता का’ एवढंच विचारलं तर ते हो म्हणतात, आणि देतात तो आतलाच पत्ता. पैसे दिल्यावर त्यांच्यासमोरच वॅन आयपी आणि बाहेर दिसणारा आयपी जुळवून बघा. बदलणारा पब्लिक पत्ता मिळाला तर राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी सोय) लावा, म्हणजे लाइट जाऊन पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं.

पब्लिक पत्ता घेतल्यावर एक गोष्ट हात जोडून सांगतो. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलल्याशिवाय पोर्ट उघडू नका, आणि एका यंत्राकडं सगळी दारं उघडणाऱ्या डीएमझेड सेटिंगला तर हातच लावू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यांच्या जोरावर मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताही नव्हता. सीजीनॅटमागं असताना ते फाटक आपल्याला नको असताना का होईना, राखत असतं. ते काढलं की राखण आपली.

घर आणि वावर यांना वेगळे पट्टे द्या

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दुकानातून आलेले राउटर बहुतेक सगळे १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वरच येतात. घरी तोच, वावरात तोच. मग बोगदा जोडला की फोनला कळत नाही, १९२.१६८.१.६४ म्हणजे घरातला टीव्ही की वावरातला कॅमेरा. फोन जवळचाच धरतो आणि कॅमेरा काही उघडत नाही.

म्हणून बोगद्याच्या आधी वाटणी ठरवा. घर १९२.१६८.१०, वावर १९२.१६८.२०, काकांचं घर जोडायचं तर १९२.१६८.३०. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.२०.१ करा. सेव्ह केलं की पान तुटेल, घाबरू नका, फोनचं वायफाय बंद-चालू करून नव्या पत्त्यावर परत जा. कॅमेऱ्याला डीएचसीपी रिझर्वेशनमधून एक ठरलेला पत्ता बांधून द्या, म्हणजे तो रोज जागा बदलणार नाही. हॉटस्पॉटवर येणारे १९२.१६८.४३ आणि १७२.२०.१० हे पट्टे घर-वावराला देऊ नका, नाहीतर हॉटस्पॉटवर बसून बघताना परत तीच टक्कर होईल.

वाटेकऱ्यांमुळं होणारे दुसरे त्रास

पत्ता सामाईक असला की शेजाऱ्याच्या केल्याचं आपल्याला भोगावं लागतं. संकेतस्थळ सारखं ‘तुम्ही रोबो नाही ना’ विचारतं, किंवा फॉर्म भरताना मधेच अडवतं. सेवा केंद्र चालवणाऱ्यांना शेवटच्या तारखेच्या गर्दीत हे हमखास भोवतं. अशा वेळी ब्राउझर बदलून उपयोग नाही, पत्ता बदला: फायबर सोडून मोबाईल डेटावर या, किंवा मोबाईलवर असाल तर विमान मोड लावून काढा. आयपीव्ही६ चालू असलेल्या संकेतस्थळांवर हा त्रास कमी होतो, म्हणून राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद करून ठेवलं असेल तर ते चालू करा. आपण मोर्शीत असताना संकेतस्थळ नागपूर किंवा मुंबई दाखवत असेल, तर त्यामागंही हेच कारण असतं. पत्त्याची नोंद कंपनीच्या यंत्राच्या गावची असते.

आणि पैशाची फसवणूक झाली, तक्रार द्यायची वेळ आली, तर समोरच्याच्या आयपी पत्त्याबरोबर वेळ सेकंदापर्यंत आणि शक्य असेल तिथं पोर्टही लागतो. साठ घरांच्या पत्त्यावर नुसत्या आकड्यानं माणूस सापडत नाही. स्क्रीनशॉट घेताना वेळ दिसेल असा घ्या.

शेवटची तपासणी

घरच्या वायफायवर बसून कॅमेरा उघडला म्हणजे काम झालं असं धरू नका. वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर बघा. मग दुसऱ्या कंपनीचं सिम असलेल्या कोणाच्या तरी फोनवर बघा. मग वावरातल्या खोलीतलं बटण बंद करून दहा मिनिटं तसंच ठेवा आणि परत चालू करा, कारण आपल्याकडं लाइट जाते हे धरूनच चालायचं. कोणी हात न लावता पाच-सात मिनिटांत चित्र परत आलं पाहिजे. नाही आलं तर कॅमेऱ्याचा बांधून दिलेला पत्ता आणि वावरातलं कायम चालू राहणारं यंत्र या दोन जागा आधी बघा. लॅपटॉप लाइट आल्यावर आपोआप सुरू होत नाही. त्याच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय असेल तर ती चालू करावी लागते. आमच्या बागेत अडलं ते नेमकं इथंच होतं.

सगळं चाललं की तो पहिला कागद नीट उतरवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून राउटरच्या डब्याजवळ ठेवा: कुठल्या डब्याचा आतला पत्ता काय, वॅन कुठल्या पट्ट्यातला, कॅमेऱ्याला कुठला पत्ता बांधला, रिचार्जची तारीख. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नका, तो घरी ठेवा. आमच्या कागदावर मोठ्या बाबांनी स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ घातली आहे: चित्र गेलं तर आधी लाइट आहे का ते विचारणे.